गाडी किती बसते?

राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावरून चार किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो. खाली जांभ्याचा कातळ, वर मुरूम, आणि चिरेखाणीचे भरलेले ट्रक वर्षानुवर्षं ये-जा करून रस्त्यावर आडव्या उमटलेल्या वळ्या. पन्हळी पत्रा जमिनीवर अंथरावा तसा हा रस्ता दिसतो. गाडीच्या सस्पेन्शनमध्ये काहीही बदल केला की मी तो आधी या चार किलोमीटरवर पारखतो, कारण माझा पहिला समज याच रस्त्याने खोटा ठरवला.

तेव्हा गाडी नवी होती. ड्युअल-स्पोर्ट जातीची, म्हणजे दिवे, आरसे, नंबरप्लेट लावून डांबरावर कायद्याने चालणारी आणि डांबर संपलं तरी न थांबणारी. कच्च्या रस्त्यावर आराम मिळावा म्हणून निघण्यापूर्वी मी मागच्या शॉकअपची कॉलर सगळ्यात सैल खाचेवर आणून ठेवली. मऊ गाडी म्हणजे कमी दणके, असा माझा हिशेब होता. मागे दोन बॅगा, टाकी काठोकाठ. सडा संपेपर्यंत मनगटं बधिर झाली, आणि प्रत्येक मोठ्या दगडावर सीटखालून असा ठोका बसत होता की मागे शॉकअप आहे की नाही याचीच शंका यावी. परतताना बॅगा गावातच ठेवल्या होत्या. तोच रस्ता, तोच वेग, पण ठोके निम्म्याहून कमी झाले. ओझं उतरल्यावर गाडी ताठ वाटायला हवी होती, ती उलट मवाळ झाली. हे कसं घडलं, याचा उलगडा करताना जे हाती लागलं ते या प्रकरणात मांडतो आहे.

त्या पन्हळींमध्ये साधारण दोन फुटांचं अंतर आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. या वेगाला प्रत्येक चाक सेकंदाला अठरा वेळा उचललं जातं आणि अठरा वेळा खाली सोडलं जातं. चाकाची ही नाचानाच चाकापुरती राहावी आणि वरचा सांगाडा, त्यावर बसलेला माणूस, शक्य तितका एका पातळीत पुढे सरकावा, हे सस्पेन्शनचं काम. त्यासाठी चाकाला वर जायला जागा लागते, हे सांगावं लागत नाही. खाली जायलाही जागा लागते, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. खड्डा आला आणि चाक त्यात उतरू शकलं नाही, तर चाकाऐवजी अख्खी गाडी खड्ड्यात उतरते.

चाकाला वरखाली मिळणाऱ्या या जागेला ट्रॅव्हल म्हणतात. हिरो एक्सपल्स २०० मध्ये ती पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर आहे. रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४५० मध्ये दोन्हीकडे २००. शहरात धावणाऱ्या साध्या गाडीच्या पुढच्या चाकाला १३० मिलिमीटरच्या आसपास मिळते. जाहिरातीत हाच आकडा ठळक छापतात, पण तो सगळा दणके पचवायला मिळत नाही. गाडी आधी स्वतःच्या वजनाने बसते, मग तुमच्या वजनाने, मग बॅगांच्या. ती जिथे बसली तिथून तळापर्यंत जे अंतर उरलं, तेवढंच तुमच्या वाट्याला. माझ्या गाडीला मागे १८० मिलिमीटर होते, आणि त्या दिवशी त्यातले शंभराच्या आसपास नुसत्या बसण्यातच खर्ची पडले होते. उरलेल्या जागेत दगडाचा दणका मावत नव्हता. शॉकअप पुन्हापुन्हा तळ गाठून शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आपटत होता. मी ज्याला कडकपणा समजत होतो तो मऊपणाचाच परिणाम होता.

म्हणून नवं काहीही विकत घेण्याआधी गाडी किती बसते ते मोजावं. याला 'सॅग' म्हणतात, आणि चांगल्या गॅरेजमध्ये आता हा शब्द सर्रास ऐकू येतो. मोजायला एक टेप, एक वही आणि दोन मित्र पुरतात. आधी मागचं चाक जमिनीपासून पूर्ण उचलायचं. डबल स्टँड असेल तर काम सोपं, नसेल तर साइड स्टँडवर गाडी कलती करून चाक अधांतरी धरायचं. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सांगाड्यावरच्या एखाद्या ठरलेल्या खुणेपर्यंत अंतर घ्यायचं. खुणेसाठी मी रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला आहे. हा पहिला आकडा. मग गाडी दोन्ही चाकांवर उभी करून, वर कोणी न बसता तेच अंतर पुन्हा. हा दुसरा. शेवटी हेल्मेट, जॅकेट, बूट, पाठीवरची सॅक असं प्रवासात जे अंगावर असतं ते सगळं घालून गाडीवर बसायचं, एकाने पुढून हँडल धरायचं, दुसऱ्याने टेप लावायची. हा तिसरा.

एक काळजी घ्यावी लागते. सील आणि बुश यांच्या घर्षणामुळे गाडी कधी दोन-चार मिलिमीटर वर अडकते, कधी खाली. म्हणून सीट दाबून हळूच सोडायची आणि मोजायचं, मग सीट उचलून हळूच सोडायची आणि मोजायचं, आणि दोन्हींची सरासरी धरायची. या दोन मापांत फार अंतर पडत असेल तर ती वेगळ्या दुखण्याची खूण आहे. त्याकडे पुढे येतो.

कच्च्या रस्त्यासाठी माणूस बसल्यावर गाडी एकूण ट्रॅव्हलच्या ३० ते ३३ टक्के बसावी, हा सर्वमान्य आडाखा आहे. १८० ला ५४ ते ६०, २०० ला ६० ते ६६ मिलिमीटर. माझे आकडे असे आले: चाक अधांतरी असताना ६१२, गाडी स्वतःच्या वजनावर ५९४, आणि मी बसल्यावर ५३८. म्हणजे एकटी गाडी १८ मिलिमीटर बसत होती, माझ्यासह ७४. १८० चे ७४ म्हणजे ४१ टक्के, आणि तेही बॅगांशिवाय.

आकडे घेऊन मी आमच्या पेठेतल्या मिस्त्रींकडे गेलो. पंचवीस वर्षं गाड्यांत हात काळे केलेला माणूस, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ते म्हणाले, "साहेब, सी-पाना लावतो आणि शॉकअप दोन-तीन खाचा कडक करून देतो." हेच वाक्य गावोगावच्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, आणि त्यातला 'कडक' हा शब्द भल्याभल्यांना चकवतो. कॉलर फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती जशी होती तशीच राहते, फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते. या आगाऊ दाबाला प्रीलोड म्हणतात.

सोप्या आकड्यांनी बघू. समजा पुढच्या दोन्ही पायांतल्या स्प्रिंग मिळून दर मिलिमीटरला १० न्यूटन जोर मागतात, आणि पुढच्या चाकावर ६०० न्यूटन भार येतो. गाडी ६० मिलिमीटर बसेल. आता स्प्रिंग आधीच २० मिलिमीटर दाबून ठेवली तर पहिले २०० न्यूटन त्या दाबातच झेलले जातील आणि गाडी ४० मिलिमीटरच बसेल. पण तिथून पुढे आणखी १० मिलिमीटर दाबायला आधीही १०० न्यूटन लागत होते, आताही १०० च लागतील. गाडी उंच उभी राहिली, स्वभाव तोच राहिला. उंच उभी राहिल्याने तळ गाठायला अंतर वाढलं, म्हणून ती कमी आपटते, आणि म्हणून लोक तिला कडक झाली म्हणतात.

मिस्त्रींनी कॉलर चढवली. आम्ही दोघांनी मिळून पुन्हा मोजलं. मी बसल्यावर ६० मिलिमीटर, अगदी हवं तेवढं. मात्र माझ्याशिवाय गाडी आता अवघी ६ मिलिमीटर बसत होती. हा दुसरा आकडा दुर्लक्षून चालत नाही. एकटी गाडी ट्रॅव्हलच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इथे १५ ते २० मिलिमीटर तरी बसायला हवी, नाहीतर खड्ड्यात उतरायला चाकाकडे जागाच राहत नाही. माणसासह माप बरोबर आणि माणसाशिवाय फार कमी, याचा अर्थ मऊ स्प्रिंगला प्रीलोड देऊन कसंबसं उभं केलेलं आहे. त्या माणसाला जास्त ताकदीची स्प्रिंग हवी. उलट, माणसासह माप बरोबर आणि एकटी गाडीच फार बसते, तर स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ आहे. कंपनी स्प्रिंग निवडते ती एका सरासरी वजनाच्या माणसासाठी. जॅकेट-बुटांसकट माझं वजन ९२ किलो भरतं. माझ्यासाठी ती स्प्रिंग बनलीच नव्हती.

मी मागे वरच्या ताकदीची स्प्रिंग बसवली आणि पुढच्याही बदलल्या. कधी एकच टोक बदलू नये, हे मी आग्रहाने सांगेन. मागची बाजू उंच राहिली आणि पुढची बसली की हँडलचा कल बदलतो, गाडी वळणात चटकन आत पडते आणि सैल मुरमात पुढचं चाक भरकटतं. नवी स्प्रिंग घालून पहिल्यांदा सड्यावर गेलो तेव्हा रस्ता दुरुस्त केलाय की काय असं वाटलं. गाडी जास्त ताकदीच्या स्प्रिंगवर जास्त आरामशीर चालत होती.

स्प्रिंग दणका झेलते आणि लगेच तो परत करायला बघते. तिला आवरणारा गडी म्हणजे शॉकअपमधलं तेल. पुढच्या फोर्कचा प्रत्येक पाय हा तेलाचा पंप आहे. चाक वर आलं की तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, आणि तेलाला ढकलण्यात दणक्याची ताकद उष्णतेत विरते. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या गाडीला असा तेलाने आवरलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला, आणि आजही बहुतेक परवडणाऱ्या ड्युअल-स्पोर्ट गाड्यांमध्ये मूळ कल्पना तीच आहे: एक पोकळ दांडा, त्याला ठरलेल्या मापाची छिद्रं.

या छिद्रांची खोड समजून घेतली की पन्हळीवर मनगटं का बधिर होतात ते कळतं. छिद्रातून जाणाऱ्या तेलाचा वेग दुप्पट झाला की विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट वेगाला नऊपट. ब्रेक दाबल्यावर फोर्क सावकाश खाली जातो, तेव्हा तेल जवळजवळ विरोधच करत नाही आणि गाडीचं नाक भसकन खाली जातं. उलट चाक टोकदार दगडावर आदळतं तेव्हा फोर्कला क्षणार्धात दबायचं असतं, तेलाला तेवढ्या छिद्रांतून तेवढ्या वेळात जाता येत नाही, आणि तो पाय क्षणभर घट्ट सळईसारखा होतो. दगड थेट हँडलपर्यंत पोचतो. जिथे विरोध हवा तिथे तो नसतो, आणि नको तिथे भरमसाठ. ही त्या रचनेची मूळ मर्यादा आहे. तेल जाड केलं तर नाक कमी झुकतं पण दगड आणखी लागतो. पातळ केलं तर दगड बरा, पण गाडी डुलते. पुष्कळ लोक आयुष्यभर या दोन तेलांच्या मधे हेलपाटे घालत राहतात.

यातून बाहेर काढणारी युक्ती फार सुंदर आहे. दांड्याच्या डोक्यावर, स्प्रिंगच्या खाली, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी एक झडप बसवायची. तिला एम्युलेटर म्हणतात. अमेरिकेतल्या रेस टेक कंपनीमुळे ही झडप जगभर माहीत झाली. दांड्याची खालची छिद्रं ड्रिलने मोठी करायची, म्हणजे दबताना तिथे तेल अडायचंच नाही. अडवायचं काम आता झडपेचं. तिच्यात एक छोटी चकती बारीक स्प्रिंगने दाबून धरलेली असते. सावकाश हालचालीत तेल चकतीच्या बारीक छिद्रातून जातं आणि नाक झुकायला विरोध होतो. दगडाचा धक्का आला की चकती उचलली जाते आणि तेलाला मोठी वाट मिळते. बारीक स्प्रिंगचा स्क्रू किती आवळायचा यावर चकती कधी उघडेल ते ठरतं. झडपेच्या जाडीएवढा वरचा स्पेसर कापायला मात्र विसरू नये. नाहीतर प्रीलोड तेवढा वाढतो आणि सगळं मोजमाप वाया जातं. महागड्या गाड्यांच्या कार्ट्रिज फोर्कमध्ये हेच काम पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत करते. तेल रेटेल तशा त्या चकत्या वाकतात.

तेलाच्या डब्यावरच्या आकड्याबद्दल एक अनुभवाचा बोल. '१० डब्ल्यू' लिहिलेली दोन कंपन्यांची तेलं सारखी पातळ असतीलच असं नाही. खरं माप सेंटिस्टोक्समध्ये, ४० अंश सेल्सिअसला दिलेलं असतं. ते कंपनीच्या माहितीपत्रकात शोधून तुलना करावी. दोन्ही पायांत तेल मिलिलिटरने सारखं ओतून भागत नाही. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या काठापासून तेलापर्यंतची खोली दोन्हीकडे सारखी ठेवावी लागते. तेलाच्या वर कोंडलेली हवा ही दुसरी स्प्रिंगच असते. तेल १० मिलिमीटर वर आणलं की हवा कमी उरते, ती चालीच्या शेवटी जास्त जोराने दाबली जाते, आणि गाडी तळ गाठायला अडखळते. सुरुवातीच्या चालीत मात्र फरक जवळजवळ जाणवत नाही. फक्त मोठ्या खड्ड्यांत गाडी आपटत असेल आणि बाकी सगळं मनासारखं असेल, तर नवीन भाग घेण्याआधी हा उपाय करून बघण्यासारखा आहे. खर्च तेलापुरताच.

मागच्या एकाच शॉकअपची, मोनोशॉकची, गोष्ट मातीतल्या शर्यतींत सुरू झाली. यामाहाची डीटी-१ ही २५० सीसीची गाडी १९६८ साली आली आणि रस्ता व माती दोन्हींसाठी एकच गाडी हा विचार जगभर पोचला. तिला मागे दोन शॉकअप होते. पुढे लुसिअँ तिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याने एकच लांब शॉकअप सीट-टाकीखाली आडवा घालायची रचना केली, यामाहाने ती घेतली, आणि १९७३ साली स्वीडनच्या हाकान अँडरसनने तिच्या जोरावर २५० सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं. त्या दशकात मागच्या चाकाची ट्रॅव्हल हाताच्या चार बोटांवरून वीतभराच्याही पुढे गेली. मग होंडाची प्रो-लिंक, कावासाकीची युनि-ट्रॅक अशा जोडण्या आल्या. शॉकअप आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये छोट्या तरफा घातल्या, त्यामुळे चाक वर जाईल तसा शॉकअप अधिकाधिक वेगाने दाबला जाऊ लागला. सुरुवातीला मवाळ, शेवटी ताठ. आज आपल्याकडच्या बऱ्याच ड्युअल-स्पोर्ट गाड्यांत ही तरफ आहे.

तीच तरफ गॅरेजमध्ये सगळ्यात दुर्लक्षित राहते. ती चाकाच्या पुढे, सगळ्या चिखलाच्या वाटेत असते, आणि तिच्या सुईसारख्या रुळांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस किती काळ टिकेल याला मर्यादा आहे. दोन कोकणी पावसाळे आणि वर प्रेशर वॉशरचा फवारा, एवढं पुरतं. मघाशी म्हटलेली दोन मापं, सीट दाबून आणि उचलून घेतलेली, जर सहा-सात मिलिमीटरने वेगळी येत असतील, तर आधी इथे बघावं. मी एकदा ती जोडणी उघडली तेव्हा आत ग्रीसच्या जागी तांबूस गंजाची पूड होती. साफ करून, बेअरिंग बदलून ग्रीस भरल्यावर मागचं चाक जे सुटलं, ते महागड्या शॉकअपनेही सुटलं नसतं. पुढच्या बाजूचं असंच एक फुकटचं काम: ॲक्सलचे आवळणारे बोल्ट सैल करून, गाडी पुढच्या ब्रेकवर पाच-सहा वेळा दाबायची आणि मग बोल्ट कसायचे. दोन्ही पाय आपोआप समांतर येतात आणि चाक काढ-घाल केल्यावर आलेला अडखळलेपणा जातो.

मागचा शॉकअप बदलावा का? कंपनीचा शॉकअप उघडून दुरुस्त करता येत नसेल, आणि लांब कच्च्या उतारावर अर्ध्या तासाने गाडी उसळायला लागत असेल, तर बदलावा. आतलं तेल तापून पातळ होतं आणि हवा-तेल घुसळून फेस होतो, म्हणून आवर सुटतो. चांगल्या शॉकअपमध्ये तेल आणि नायट्रोजन वेगळ्या कप्प्यांत असतात. नायट्रोजन मोठ्या दाबाखाली असतो, तेव्हा असा शॉकअप घरी कधीही उघडू नये. ट्रॅव्हलच वाढवायची असेल तर एक्सपल्सच्या रॅली किटसारखा पूर्ण संच घ्यावा. त्यात पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर मिळतात. सुटे तुकडे जोडून उंची वाढवणाऱ्यांना साइड स्टँड तोकडा पडतो, ब्रेकची नळी ताणते, आणि चेन घात करते. इंजिनचा पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मची कील आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. चाल लांब असेल तर स्टँडवर चेन नेहमीपेक्षा सैल दिसली पाहिजे, नाहीतर मोठ्या खड्ड्यात ती बेअरिंगच ओढून काढेल.

नव्या शॉकअपला बहुधा दोन स्क्रू असतात, दबताना आवरणारा आणि परतताना आवरणारा. परतीच्या आवराला रिबाउंड म्हणतात आणि पन्हळीवर सगळा खेळ त्याचाच असतो. तो कमी असेल तर प्रत्येक उंचवट्यानंतर गाडी मागून लाथ मारते. फार जास्त असेल तर त्याहून फसवं काही घडतं: चाक एका वळीवरून परत खाली येण्याआधीच दुसरी वळी येते, मग तिसरी, आणि सेकंदाला अठरा वेळा थोडं थोडं दबत शॉकअप चालीच्या तळाशी जाऊन बसतो. माणसाला वाटतं गाडी कडक आहे, म्हणून तो स्प्रिंग मऊ करतो, आणि दुखणं वाढतं. पहिल्या शंभर मीटरला गाडी बरी आणि मग हळूहळू दगडी होत जाते, ही याची खूण. रिबाउंडचा स्क्रू दोन क्लिक सोडून बघावा. एका वेळी एकच स्क्रू, रस्ता तोच, वेग तोच, आणि पूर्ण बंद स्थितीपासून कितवा क्लिक हे वहीत लिहिलेलं.

टायरमधली हवा मात्र या सगळ्याच्या आधी येते, कारण दगडाला पहिला भेटतो तो टायर. सड्यावर मी डांबरावरच्या दाबापेक्षा पाच-सहा पीएसआय कमी ठेवतो. ट्यूबच्या गाडीत फार खाली गेलं तर दगड ट्यूबला रिमवर चिमटतो आणि दोन समांतर छिद्रं पाडतो. एका दुपारी उन्हात बसून अशी ट्यूब ज्याने शिवली असेल त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि हवा उंचीवर बदलते, हे महाराष्ट्रातून स्पितीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. ग्रम्फूहून बातलमार्गे काझाला जाणारी वाट म्हणजे ओढ्यांतले गोटे आणि धूळ, त्यात साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम ला. पुण्यात बंद केलेल्या फोर्कमध्ये पुण्याची हवा कोंडलेली असते. कुंझुमवर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे पाच पीएसआयने कमी होतो, म्हणजे फोर्कच्या आत तेवढा दाब जास्तीचा उरतो. थंडीने त्यातला थोडा उतरतो, बाकीचा राहतो. ४१ मिलिमीटर व्यासाच्या नळीवर पाच पीएसआय म्हणजे प्रत्येक पायाला साधारण ४५ न्यूटन, दोन्हींचे मिळून ९०. आपल्या मघाच्या हिशेबातल्या स्प्रिंगला हा जोर पुढची बाजू ९ मिलिमीटर उचलायला पुरतो. शिवाय टायरही तेवढेच फुगलेले. सगळ्यात वाईट रस्ता नेमका तिथे आहे जिथे गाडी आपोआप सगळ्यात ताठ झालेली असते. फोर्कच्या टोपणावर हवेचा स्क्रू असेल तर पुढचं चाक अधांतरी करून, फोर्क पूर्ण लांबलेला असताना तो क्षणभर उघडावा. फुस्स असा आवाज येतो आणि फोर्क पुन्हा जागेवर. स्क्रू नसेल तर मुख्य टोपणाला रस्त्यात हात लावू नये. ते स्प्रिंगच्या दाबाने उडतं.

गेल्या दिवाळीत भाचा नवी एक्सपल्स घेऊन आला. सड्यावर जाऊन आला होता आणि कंबर धरून म्हणाला, "मामा, कंपनीचा शॉकअप फार ताठ आहे. कुठला आयात केलेला घेऊ ते सांग." मी त्याला टेप दिली. पोरगा हेल्मेट-बुटांसकट ६२ किलोचा. मागे १७० पैकी तो बसल्यावर ३८ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बावीस टक्के. खोदून विचारलं तेव्हा कळलं की आधी दोन मित्रांनी त्याला 'ऑफ-रोडला कडकच हवी' म्हणून कॉलर वर चढवायला लावली होती. आम्ही ती खाच-खाच करून खाली आणत गेलो आणि प्रत्येक खाचेला मोजत गेलो. ५२ वर थांबलो. पुढच्या फोर्कच्या नळीवर एक बारीक झिप-टाय बांधली, चाल किती वापरली जाते ते कळावं म्हणून, टायरमधली हवा थोडी सोडली आणि त्याला परत सड्यावर धाडलं.

तासाभराने आला तो गाडीवरून न उतरताच खाली वाकून झिप-टाय बघत होता. ती तळाच्या खुणेपासून बोटभर अलीकडे थांबलेली होती. "अजून दोन खाचा सोडून बघू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आधी आजचा आकडा लिही. त्याने माझ्याच वहीचं कोरं पान उघडलं, वर तारीख टाकली आणि खाली लिहिलं: मागे ५२, पुढे बोटभर शिल्लक, मनगटं ठीक.